मचव्याचं माप

कविता लिहिणाऱ्या माणसाच्या टेबलावर काय असावं, याबद्दल लोकांच्या ठरलेल्या कल्पना असतात. कागद, पेन, थंड झालेला चहा, फार तर एखादा शब्दकोश. माझ्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा पडवीतल्या टेबलापाशी थबकतो. तिथे सोनाराच्या बारीक कानशी असतात, दंतवैद्याकडून मागून आणलेले दोन वाकडे आकडे असतात, कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे असतात आणि मधोमध दीड फूट लांबीचा एक लाकडी सांगाडा पालथा पडलेला असतो. "हे काय, खेळणी करता?" असं पाहुणा विचारतो. मी "हो" म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर द्यायचं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. आज तेवढी मिळाली आहेत, म्हणून सांगतो.

तो सांगाडा एका मचव्याचा आहे. ज्या खऱ्या मचव्याचा तो आहे, तो मचवा आता नाही. आमच्या खाडीच्या काठावर तो बरीच वर्षं कलंडून पडला होता. पुढे मोडून सरपणाला गेला. मोडण्याआधी आम्ही त्याची मापं घेतली, म्हणून माझ्या टेबलावर तो पुन्हा उभा राहतो आहे. ही मापं कशी घेतात, प्रतिकृतीसाठी कोणती हत्यारं लागतात, कोणती पुस्तकं उपयोगी पडतात आणि एवढा खटाटोप कशासाठी करायचा, हा आजचा विषय.

प्रतिकृती म्हणजे शोभेचं जहाज नव्हे. समुद्रकाठच्या दुकानांत शिंपल्यांच्या माळांशेजारी लाकडी जहाजं मिळतात. त्यांची डोलकाठी मन मानेल तेवढी उंच असते आणि तोफा बसतील तेवढ्या. प्रतिकृतीत सगळं एकाच प्रमाणात उतरवायचं असतं. इंग्लंडच्या आरमारासाठी सतराव्या-अठराव्या शतकांत ज्या सुंदर प्रतिकृती केल्या गेल्या, त्यांत १:४८ हे प्रमाण फार चालायचं, म्हणजे खऱ्या एका फुटाला पाव इंच. माझा मचवा १:२४ या प्रमाणात आहे, फुटाला अर्धा इंच. खरा मचवा छत्तीस फुटांचा होता, म्हणून हा अठरा इंचांचा. सव्वा इंच जाडीची फळी इथे दीड मिलिमीटरहूनही पातळ होते आणि इंचभर जाडीचा दोर शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा, म्हणजे एक मिलिमीटरचा. छंदात लिहिणाऱ्याला हा हिशेब जड जात नाही. एक मात्रा वाढली की तिथे कान तक्रार करतो, इथे डोळा करतो.

या नादाला मी पन्नाशीत लागलो. सुरुवात तयार भागांच्या पेटीपासून झाली. पेटीत फासळ्या कापलेल्या असतात, पट्ट्या एकसारख्या असतात, दोरा गुंडाळलेला असतो. आपण फक्त जोडायचं. त्यात हात बसतो, पण दुसऱ्याने निवडलेलंच जहाज करावं लागतं. स्वतःच्या मनातलं जहाज करायचं ठरलं, की लाकडाच्या ओंडक्यापासून सुरुवात करावी लागते आणि मग हत्यारं लागतात.

पहिली हत्यारं मोजण्याची. आकडे दाखवणारा व्हर्नियर कॅलिपर आता कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याच्याहून मला प्रिय झालेलं हत्यार म्हणजे दोन्ही बाजूंना टोकं असलेला कर्कटक. त्याचा मधला स्क्रू सरकवून प्रमाण ठरवायचं. एका बाजूच्या टोकांत मोठं अंतर धरलं, की दुसऱ्या बाजूची टोकं आपोआप त्याचं लहान अंतर देतात. गुणाकार-भागाकार करायला नको. पुस्तकातलं लहान चित्र आपल्या आकारात उतरवताना त्याच्यासारखा सोबती नाही.

दुसरी हत्यारं कापण्याची. सुतारी करवत इथे चालत नाही, कारण तिच्या पात्याची जाडीच आपल्या फळीएवढी असते. अर्धं लाकूड भुश्शात जातं. म्हणून तीन-चार इंच व्यासाचं गोल पातं असलेली टेबलावरची छोटी करवत मी घेतली. तिच्या जोडीला जाडी सारखी करणारं यंत्र लागतं. फिरत्या नळकांड्याला काचकागद गुंडाळलेला असतो आणि त्याच्याखालून पट्टी सरकवायची. ही दोन यंत्रं आल्यापासून मी माझ्या फळ्या स्वतः काढतो. पण पहिली जखम मला यंत्राने केली नाही. ती केली जुन्या, बोथट झालेल्या पात्याच्या चाकूने. धार गेली की माणूस जोर लावतो, जोर लावला की पातं निसटतं. डाव्या हाताच्या तर्जनीला तीन टाके पडले, तेव्हापासून पाती बदलण्यात मी कंजुषी करत नाही. भुश्शासाठी तोंडाला फडकंही बांधतो. बारीक लाकडाची पूड छातीला चांगली नसते.

लाकडाचीही एक गोष्ट सांगायला हवी. खरी गलबतं सागाची, म्हणून मी पहिली प्रतिकृती सागाची करायला घेतली. फसली. सागाची छिद्रं मोठी, रेषा ठळक. खऱ्या फळीवर त्या शोभतात, पण दीड मिलिमीटरच्या फळीवर त्या झाडाच्या सालीसारख्या दिसू लागल्या. लाकूड खरं होतं, पण रेषा प्रमाणात नव्हत्या. परदेशी पुस्तकांत बॉक्सवूड आणि पेअरचं लाकूड सांगतात. आपल्याकडे त्यांची जागा हेद घेऊ शकतो. काही जण त्याला हळदू म्हणतात. पिवळसर, घट्ट, बारीक पोताचं लाकूड. वखारीतल्या माणसाला मी हेदाचे हातभर तुकडे मागितले, तेव्हा पाटा करायचा की पोळपाट, असं त्याने विचारलं होतं.

तिसरं हत्यार सोनाराचं. जुन्या जहाजांच्या फळ्या अनेक ठिकाणी लाकडी खुंट्यांनी फासळ्यांना जोडलेल्या असत. प्रतिकृतीत त्या खुंट्या मिलिमीटरभराच्याही आत येतात. त्या करायच्या कशा? सोनार ज्या भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढून बारीक करतो, ती जंत्री इथे कामाला येते. बांबूची काडी मोठ्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. सोन्याची तार दाबली जाऊन बारीक होते. बांबूला मात्र तासावं लागतं, म्हणून भोकाची कड धारदार असलेल्या बाजूने ओढायचं. बांबूचे तंतू सरळ असल्याने तो तुटत नाही. एका संध्याकाळी शंभर-दीडशे खुंट्या होतात.

फळी वाकवण्यासाठी विजेवर तापणारं खास यंत्र मिळतं. ते घेण्याआधी मी मुलीचं केस कुरळे करायचं यंत्र वापरून पाहिलं. फळी अर्धा तास पाण्यात ठेवायची, मग तापलेल्या दांड्यावर हळूहळू दाबत न्यायची. उष्णतेने लाकूड सैल पडतं आणि थंड झालं की दिलेला आकार धरून बसतं. काम झालं, पण यंत्र परत मागितलं गेलं नाही. नवं घेऊन द्यावं लागलं.

आणि दोर. बाजारचा दोरा जवळून पाहिला तर केसाळ असतो, म्हणून मेणातून ओढून घेतात. खऱ्या दोरासारखा पीळ हवा असेल तर दोर वळायचं छोटं यंत्र करतात. तीन धाग्यांना आधी एका दिशेने पीळ द्यायचा आणि मग तिघांना मिळून उलट दिशेने. प्रत्येक धागा सुटू पाहतो आणि तेच सुटणं दुसऱ्या पिळाला आवळून धरतं. काथ्याचा दोर हातावर वळणाऱ्या बायका हेच करतात. मला मात्र ते यंत्राच्या माहितीपत्रकातून कळलं.

आता यात लेसरने कापलेल्या फासळ्या आल्या, त्रिमिती छपाईतून निघालेल्या तोफा आणि कप्प्या आल्या. मी त्यांना नाक मुरडत नाही. पण हत्यारांची यादी वाढू लागली, की मी नॉर्मन क्रॉसच्या कैद्यांची आठवण काढतो. फ्रान्सशी युद्ध चालू असताना इंग्रजांनी १७९७ साली इंग्लंडात पीटरबरोजवळ युद्धकैद्यांची छावणी उभारली. तिथल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातल्या मटणाची आणि गोमांसाची हाडं स्वच्छ करून, तासून, त्यांच्या पट्ट्यांनी जहाजांच्या प्रतिकृती मढवल्या आणि बाजारात विकल्या. पीटरबरोच्या संग्रहालयात त्या आजही आहेत. त्यांच्याकडे माझ्या टेबलावरचं एकही यंत्र नव्हतं. जहाज मात्र त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

म्हणजे हत्यारांच्या आधी पाहणं आलं. आणि जे जहाज आपण पाहिलेलं नाही, ते पाहायचं पुस्तकात.

जहाजाचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो कळला नव्हता. मग स्वयंपाकघरात कळला. दुधी भोपळा घ्या. त्याच्या आडव्या चकत्या केल्या की प्रत्येक चकतीची कड हा एक आकार. टोकाशी लहान, मध्ये मोठा. हे जहाजाचं समोरून दिसणारं चित्र. तोच भोपळा आडवा ठेवून वरपासून खालपर्यंत सपाट थर काढले, तर प्रत्येक थराची कड म्हणजे त्या त्या पातळीवर पाणी जहाजाला जिथे टेकेल ती रेषा. हे वरून दिसणारं चित्र. तिसरं चित्र बाजूने. ही तीन चित्रं एकमेकांशी जुळली पाहिजेत. एकात घेतलेलं माप दुसऱ्यात तेच निघालं पाहिजे. नाही निघालं तर कुठेतरी चूक आहे. दोन्ही बाजू सारख्या असतात असं धरून नकाशात सहसा अर्धंच जहाज काढतात. हे 'धरून' पुढे मला भोवलं, ते सांगतोच.

पुस्तकांत मी सुरुवातीला घेतलेलं एक म्हणजे लेनार्थ पीटरसन यांचं जुन्या जहाजांच्या दोरखंडांवरचं पुस्तक. त्यात मजकूर अगदी थोडा, सगळी रेखाचित्रं. एका फ्रिगेटचा दोर न् दोर वेगळा काढून दाखवलेला, कुठून निघतो, कोणत्या कप्पीतून जातो, कुठे बांधतात. इंग्रजी फारसं न येणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल. दुसरं हॅरॉल्ड अंडरहिल यांचं. खऱ्यासारख्या फासळ्या आणि फळ्या घालून प्रतिकृती कशी बांधावी, हे त्यांनी शांतपणे शिकवलं आहे. तिसरं रतनजी अर्देशीर वाडिया यांचं, मुंबईच्या गोदीवर आणि वाडिया घराण्यातल्या जहाजबांधणी करणाऱ्यांवर. ते १९५५ साली निघालं. प्रतिकृतीचं ते पुस्तक नव्हे, पण ज्या गोदीत ही मोठी जहाजं झाली तिचा इतिहास त्यात आहे.

त्या गोदीतल्या एका जहाजाची हकीकत मला फार शिकवून गेली. 'त्रिंकोमाली' हे फ्रिगेट जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईत सागवानात बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात सोडलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली. त्याचा आराखडा मुळात इंग्रजांचा नव्हे. 'हेबे' नावाचं फ्रेंच फ्रिगेट इंग्रजांनी १७८२ साली पकडलं, त्याची मापं घेतली आणि त्या मापांवरून आपली जहाजं बांधायला सुरुवात केली. मुंबईसाठी त्याच बांधणीचे नकाशे 'जावा' या जहाजातून निघाले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ २९ डिसेंबर १८१२ रोजी अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला हरवलं आणि नंतर ते जाळून टाकलं. नकाशेही त्याच्याबरोबर गेले. मग लंडनहून दुसरी प्रत पाठवण्यात आली आणि तिच्यावरून मुंबईत काम झालं.

म्हणजे पाहा, एका फ्रेंच जहाजाचा आकार कागदावर आला, कागद समुद्रात गेला, तरी आकार गेला नाही. कारण दुसरी प्रत होती. आजही अशा जहाजांचे नकाशे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. कुणी प्रतिकृती करायची म्हटली तर त्याला ते मिळू शकतात.

माझ्या मचव्याचा नकाशा मात्र कुठेच नव्हता. आमच्याकडच्या होड्या कागदावरून बांधल्या जात नसत. केरळात बेपूरला मोठे उरू बांधतात, तिथेही आकार कागदावर नव्हे, मुख्य कारागिराच्या डोक्यात असतो, अशी परंपरा. तो कारागीर गेला की नकाशाचीही एकुलती एक प्रत जाते. याला अपवाद करणारा एक माणूस होऊन गेला. एदमों पारी हा फ्रेंच नौदलातला अधिकारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगप्रवास करताना बंदराबंदरांत त्याने स्थानिक होड्यांची मापं घेतली, नकाशे काढले आणि १८४० च्या दशकात ते छापले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची पत्तेमारी त्यात आहे. पुढे एका कारखान्यातल्या यंत्रात त्याचा डावा हात गेला. तरी काम थांबलं नाही. उतारवयात पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने त्या नकाशांवरून प्रतिकृती करवून घेतल्या. आपल्या होडीचं माप पाहायला आपल्याला परक्या माणसाच्या वहीपाशी जावं लागतं, याचं मला वाईट वाटलं. पण नुसतं वाईट वाटून काय होणार?

खाडीवरचा मचवा मोडायला काढला आहे, असा निरोप आला तेव्हा मी गावी गेलो. आमच्याकडे होड्या बांधलेले एक वृद्ध मिस्त्री अजून होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांना बरोबर घेतलं. मालकाने चार दिवसांची मुदत दिली.

कलंडलेल्या होडीचं माप घेता येत नाही. गावातली आठ-दहा पोरं जमवून, ट्रकचे दोन जॅक आणि बांबूचे टेकू लावून आधी तिला सरळ केलं. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन दोन्ही टोकांची पातळी साधली. पठाणाच्या, म्हणजे होडीच्या कण्याच्या कडेने जमिनीवर सरळ दोरी ताणली आणि दर दोन फुटांवर खूण केली. प्रत्येक खुणेवर ओळंबा धरून एक खांब उभा करायचा. खांबावर दर अर्ध्या फुटाला रेघ. त्या रेघेपासून होडीच्या अंगापर्यंत आडवं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. एवढंच. या अंतरांवरून पुढे भोपळ्याच्या चकत्या काढता येतात. हाताशी लेसरने अंतर मोजणारं नवं यंत्र होतं, पण उन्हात त्याचा ठिपका दिसेना. दुपारी शाळेची फूटपट्टीच कामाला आली.

दोन दिवसांत एक बाजू झाली. मी वही मिटली. मिस्त्रींनी विचारलं, "भाय, दुसरी बाजू?"

मी म्हटलं, "मिस्त्री, दुसरी बाजू तशीच असणार."

ते म्हणाले, "तुमच्या दोन भुवया तरी सारख्या आहेत काय?"

दुसरी बाजू मोजली. काही ठिकाणी दोन-दोन इंचांचा फरक निघाला. मग मिस्त्री पठाणाशी ओणवे झाले, एक डोळा मिटून दोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही अशी बांधलेली नव्हती. नाळ उतरली आहे तिची." दोरी लावून पाहिलं तर मधल्या भागापेक्षा दोन्ही टोकं खाली आलेली, नाळेकडे चांगले तीन इंच. याचं कारण नंतर पुस्तकात सापडलं. होडीचं पोट रुंद असतं, त्याला पाणी चांगलं उचलून धरतं. टोकं निमुळती, त्यांना पाण्याचा आधार कमी. वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर टोकं वाकतात. मिस्त्रींना ते एका नजरेत दिसलं. मी तसाच नकाशा काढला असता तर म्हातारपणी वाकलेल्या माणसाचं चित्र काढून हा जन्मतः असाच होता, असं सांगितल्यासारखं झालं असतं.

आम्ही दोन्ही लिहून ठेवलं. एका पानावर जसं मोजलं तसं. दुसऱ्या पानावर मिस्त्रींच्या सांगण्यावरून, बांधला तेव्हा कसा असावा ते. दोन्हींची सरमिसळ होऊ दिली नाही. मापं घेणाऱ्याने पाळायचा हा पहिला नियम, असं आता मला वाटतं.

भाच्याने मोबाइलवर दोनशे फोटो काढले. त्यांवरून संगणकाने मचव्याचा फिरवून पाहता येईल असा आकार तयार केला. फार उपयोगी पडला, काही चुकलेली मापं त्यावरून सापडली. पण फोटोला बाहेरचं अंग तेवढं दिसतं. कोणती फळी आधी बसवली, कोणती नंतर, हे त्याला कसं कळणार? मी पुस्तकं वाचून आधी सगळ्या फासळ्या उभ्या करून वर फळ्या चढवायचं ठरवलं होतं. मिस्त्री म्हणाले, त्यांच्या हाताखाली आधी पठाण, मग नाळ आणि पिछाडी, मग खालच्या फळ्या एकमेकींना कडेशी जोडून, आणि त्यांच्या पोटात बसतील अशा फासळ्या मागून. बाहेरून दोन्ही होड्या सारख्याच दिसतील. पण एकीत फळी फासळीचं ऐकते, दुसरीत फासळी फळीचं. घरी परतल्यावर मी केलेला पहिला सांगाडा मोडला आणि त्यांच्या क्रमाने पुन्हा सुरुवात केली. आज टेबलावर आहे तो दुसरा.

चौथ्या दिवशी मोजायचं काम संपलं होतं. मी मिस्त्रींना प्रत्येक भागावर हात ठेवायला सांगितला आणि नाव विचारत गेलो. चाळीसच्या वर शब्द झाले. त्यांतले निम्मे मला माहीत नव्हते, आणि माझे आजोबा खलाशी होते! सुकाणू, खलाशी, नाखवा, लंगर, बंदर हे शब्द आपण रोज वापरतो. ते अरबी-फारसीतून दर्यामार्गाने आले आणि मराठी होऊन गेले. त्यांना पासपोर्ट विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. ते टिकले, कारण ते होडीबाहेरही कामाला येतात. पण फळीच्या अमुक एका खाचेचं नाव होडीखेरीज कुठे राहणार? ती खाच गेली की शब्द बेघर होतो. मी शब्दांवर जगणारा माणूस. मापांसाठी गेलो होतो, पण त्या यादीसाठीच गेलो असं मला परतताना वाटलं.

पाचव्या दिवशी मचवा मोडला. मी थांबलो नाही.

प्रतिकृतीला खेळणं समजणाऱ्यांना मी हल्ली 'कौंडिण्य'चं उदाहरण देतो. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातल्या जहाजावरून, खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून बांधलेलं हे शिडाचं जहाज. ते केरळच्या कारागिरांनी गोव्यात बांधलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते आपल्या नौदलात दाखल झालं. मूळ नकाशा नव्हताच. चित्रावरून आकार ठरवावा लागला आणि तो समुद्रात टिकेल की नाही हे पाहण्यासाठी मद्रासच्या आयआयटीत आधी त्याच्या लहान प्रतिकृतीची पाण्यात परीक्षा झाली. जे चित्रावरून इतक्या कष्टाने शोधावं लागलं, ते कुणी मोजून ठेवलं असतं तर? अजिंठ्याच्या काळातल्या माणसाला आपण हे विचारू शकत नाही. आपल्याला मात्र पुढची माणसं विचारू शकतील.

म्हणून कुणी मला या कामाला सुरुवात कशी करू असं विचारलं, तर मी हत्यारांची यादी देत नाही. टेबलावरची करवत नंतर घ्या. पुस्तकंही एकेक करून घ्या. आधी एक वही घ्या, ओळंबा, पाण्याची नळी, दोरी आणि फूटपट्टी घ्या. तुमच्या खाडीत, नदीवर, तलावाकाठी जी जुनी होडी पडली असेल तिच्यापाशी जा. ती बांधणारं किंवा चालवणारं कुणी हयात असेल तर त्यांना बरोबर न्या. दोन्ही बाजू मोजा. प्रत्येक भागाचं नाव लिहा. मोजलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

आणि वहीची दुसरी प्रत करा. माझ्या वहीची एक प्रत गावच्या शाळेत आहे, एक माझ्याकडे, एक मिस्त्रींकडे. मिस्त्रींना वाचता येत नाही. तरी त्यांनी ती मागून घेतली आणि नातवाच्या दप्तरात ठेवली. परवा त्यांचा फोन आला होता. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर म्हणाले, "भाय, परबाण केवढं धरलंत?" मी आकडा सांगितला. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "अर्धा हात वाढवा. पावसाळ्याच्या तोंडाला परतताना वारा पडतो, तेव्हा शीड मोठं लागतं."

अर्धा हात म्हणजे नऊ इंच. माझ्या प्रमाणात एक सेंटिमीटरलाही थोडं कमी. मी ते परबाण पुन्हा करायला घेतलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)